शिंगरोबाची मजुरी : बोरघाटातल्या एका वाटेवरच्या देवळाचे वाचन

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने गाडी घेऊन निघणाऱ्यांसाठी ज्या प्रवास-मार्गदर्शिका निघतात, त्यांत लेणी, किल्ले आणि धबधबे यांच्या जोडीला 'वाटेवरच्या गमती' अशा थाटाचे एखादे पान असते. लोणावळ्यातले मेणाचे पुतळे, चिक्कीची दुकाने, नागफणीचा सुळका आणि यांच्यामध्ये कुठेतरी दोन ओळी : बोरघाटात शिंगरोबाचे देऊळ आहे, येथे चालक गाडी न थांबवता नाणे टाकतात. बस्स. पाली-जोधपूर रस्त्यावर बुलेट मोटारसायकलची पूजा होते, त्याच जातीचा हा एक विचित्र थांबा, असे वाचणाऱ्याला वाटावे आणि त्याने पान उलटावे, एवढीच अपेक्षा.

मी या देवळाला प्रथम पाहिले ते एस.टी.च्या खिडकीतून. वडील खोपोलीच्या एका कारखान्यात होते आणि आजोळ पुण्याला. घाट सुरू झाला की आई रुमालाची गाठ सोडून पाच पैशांचे अ‍ॅल्युमिनियमचे नाणे माझ्या हातात ठेवी. "हात बाहेर काढू नकोस, नुसतं टाक," म्हणे. हा देव कुठला, असे विचारले तर उत्तर ठरलेले : "वाटेचा." गाडीतली निम्मी माणसे तेच करीत. नाणी देवळापर्यंत पोचत की नाही, हे कोणी वळून पाहत नसे.

पुढे वाचनाचा नाद लागला. पदवीपुढचे शिक्षण झाले नाही. जे काही शिकलो ते सार्वजनिक ग्रंथालयांत, गॅझेटियरच्या जाड खंडांतून आणि पायी हिंडून. अशा शिकण्यात एक धोका असतो. नुकतीच हाती आलेली चिकित्सा माणूस सगळीकडे चालवून पाहतो. मीही ती शिंगरोबावर चालवली. पंधरा वर्षांपूर्वी एका छोट्या नियतकालिकात टिपण लिहून ही कथा खरी नसल्याचे चार मुद्द्यांत सिद्ध केले. त्यावर एकच पत्र आले, एका निवृत्त एस.टी. चालकाचे, पोस्टकार्डावर. "साहेब, तुम्ही शिंगरोबा नव्हता असं दाखवलंत. बरं. मग घाट बांधणाऱ्यांतलं एक नाव सांगा. गोऱ्या साहेबाचं नको." मला तेव्हा उत्तर देता आले नाही. आज जे लिहितो आहे ते त्या कार्डाला उशिरा दिलेले उत्तर आहे, आणि माझ्याच जुन्या टिपणाची समीक्षाही.

कथा आणि तिचे उघडे टाके

सर्वत्र सांगितली जाणारी कथा अशी. इंग्रजांना घाटातून वाट काढायची होती. कोणी म्हणतो रस्त्याची, कोणी रेल्वेची. मोठमोठे अभियंते थकले. तेव्हा या डोंगरात मेंढरे चारणाऱ्या शिंगरोबा नावाच्या धनगराने त्यांना मार्ग दाखवला. काम फत्ते झाल्यावर साहेबाने विचारले, काय बक्षीस हवे? शिंगरोबा म्हणाला, आमच्या देशाला स्वातंत्र्य द्या. संतापलेल्या इंग्रजांनी त्याला गोळी घातली. जिथे तो पडला तिथे हे देऊळ उभे राहिले.

माझे जुने आक्षेप आजही चुकीचे नाहीत. पहिला, बोरघाट कोणी 'शोधून' काढण्याची गरज नव्हती. घाटमाथ्यावर कार्ले, भाजे, बेडसे आणि घाटाखाली कोंडाणे ही लेणी उभी आहेत, ती कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणाऱ्या व्यापारी वाटांच्या आधारानेच. म्हणजे हा डोंगर दोन हजार वर्षे माणसे आणि जनावरे चढत-उतरत आहेत. दुसरा, मेंढरांची पायवाट आणि रेल्वेचा मार्ग यांची जात वेगळी. मेंढरू उभा चढ सहज चढते. आगगाडीला मात्र येथे सर्वांत तीव्र चढ म्हणून ३७ फुटांना एक फूट एवढाच परवडला, आणि तोही २५ बोगदे खोदून व आठ मोठे पूल बांधून. तिसरा, देशाचे स्वातंत्र्य ही मागणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर धनगराच्या तोंडी विसाव्या शतकानेच घातलेली दिसते. चौथा, नावाचा. शिंगरू म्हणजे घोड्याचे पिल्लू. धनगर वाड्यांच्या स्थलांतरात बिऱ्हाड घोड्यावर लादलेले असते. तेव्हा शिंगरोबा हे बिरोबा, म्हस्कोबा यांच्यासारखे एखाद्या दैवताचे नाव असावे, माणसाचे नव्हे, असे मी ऐटीत लिहिले होते.

या चौथ्या मुद्द्यावर मी आधी घसरलो. खंडोबा आणि विठोबा देव आहेत, पण तुकोबा आणि ज्ञानोबा माणसेच होती, आणि आजोबा तर प्रत्येकाच्या घरात असतात. हा 'बा' देवाला जवळ आणतो आणि माणसाला मान देतो. माणूस आणि देव यांच्यामधली जी रेघ मला नावात दिसली, ती मराठी भाषेने कधी ओढलेलीच नाही. बाकीचे तीन मुद्दे टिकतात. पण त्यांतून सिद्ध होते ते एवढेच, की ही कथा म्हणजे अभियांत्रिकीचा अहवाल नाही. मग ती काय आहे, हे मी विचारलेच नव्हते.

देव कुठे बसला आहे

दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याहून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जात, ते डेक्कन क्वीनने, याच घाटातून. लोकदैवतांकडे पाहण्याची त्यांची एक साधी पण मोठी शिकवण आहे. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात तिठ्यांवरच्या मातृदेवतांवर एक निबंध आहे. देवी कोण आहे याआधी ती कोठे आहे, हे ते पाहतात. तिचा तांदळा कोणत्या जुन्या वाटेवर आहे, आसपास दगडी हत्यारांचे तुकडे सापडतात का, तेथे कोण थांबत असे, हे त्यांचे प्रश्न.

हीच रीत शिंगरोबाला लावून पाहावी. देऊळ घाटमाथ्यावर नाही, पायथ्याशीही नाही. खोपोली मागे पडल्यावर जुन्या रस्त्याने चढ लागतो, त्या चढावर ते आहे. येथे ट्रक खालच्या गिअरमध्ये आलेला असतो आणि चालण्याच्या वेगाने कण्हत चढत असतो. भरलेला ट्रक चढावर थांबवणे म्हणजे काय, हे ज्याने हँडब्रेक ओढून पुन्हा क्लच सोडला आहे त्यालाच ठाऊक; गाडी मागे सरते आणि मागे दुसरी उभी असते. म्हणून या देवाला थांबा चालत नाही. नारळ नाही, हार नाही, रांग नाही. चालत्या गाडीतून नाणे. विधी भक्ताच्या धंद्याच्या मापाने बेतलेला आहे. कथाही तशीच बेतलेली आहे : देऊळ दिसू लागल्यापासून मागे पडेपर्यंत क्लीनरला किंवा शेजारच्या उतारूला पुरती सांगून होईल एवढीच तिची लांबी.

वाटेवरचे ठिकाण आणि प्रवासाचे गंतव्य यांतला फरक मला येथे दिसतो. गंतव्याला आपण वेळ देतो. वाटेवरचे ठिकाण आपल्याकडे असलेल्या वेळात स्वतःला बसवून घेते. मार्गदर्शिका ज्याला विचित्र प्रथा म्हणते, ती चालकाच्या दृष्टीने अगदी व्यवहारी गोष्ट आहे.

नाव कोणाचे राहिले

आता पोस्टकार्डाचा प्रश्न. घाट बांधणाऱ्यांतले एक नाव.

कार्ल्याच्या चैत्यगृहापासून सुरुवात करू. तेथील खांबांवर आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीत देणगीदारांची नावे आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकट गावचे यवन आहेत. आणि त्याच ठिकाणी धेनुकाकटच्या एका सुताराचेही नाव आहे : वेणुवासाचा मुलगा सामी. दाराचे काम त्याने केले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका सुताराचे नाव, बापाच्या नावासकट आणि कामाच्या उल्लेखासकट, आपण आजही वाचू शकतो.

तेथून घाटाकडे या. गाडीरस्ता १८३० साली झाला. त्यावर नाव आहे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचे आणि बांधकाम करून घेणाऱ्या कॅप्टन ह्यूज यांचे. रेल्वेचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६३ मध्ये संपले. त्यावर नाव आहे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांचे. पहिले कंत्राटदार फॅविएल. नंतरचे सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात येऊन थोड्याच आठवड्यांत वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट पुढे चालवून पुरे केले. त्या काळात एका विधवेने हे करावे ही थोर गोष्ट आहे, आणि तिचे नाव राहिले याचा आनंदच आहे. पण काम ऐन भरात असताना या घाटात एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. कड्यावर दोराने लोंबकळत सुरुंगाची भोके पाडणारी, पटकीच्या साथीत झोपड्यांतून मरणारी ही माणसे. किती मेली याचा चोख हिशोब कोणी ठेवला नाही. अभ्यासकांचे अंदाज हजारांत जातात. यांतले एकही नाव कोणत्याही पाटीवर नाही.

एक नोंद मात्र आहे, आणि ती माझ्या जुन्या टिपणात नव्हती, कारण मी ती शोधलीच नव्हती. १८५९ च्या सुरुवातीला फॅविएल यांच्या कंत्राटावरच्या मजुरांनी याच घाटात दंगा केला. कारण मजुरी. ठरलेली रक्कम हातात पडत नव्हती, दिवस सरत होते. प्रकरण सरकारी चौकशीपर्यंत गेले आणि त्यानंतर लवकरच फॅविएल यांनी कंत्राट सोडले.

आता कथेचा सांगाडा पुन्हा पाहा. स्थानिक माणसाने काम केले. काम झाल्यावर मोबदल्याची वेळ आली. मागितल्यावर मोबदल्याऐवजी गोळी मिळाली. स्वातंत्र्याची मागणी क्षणभर बाजूला ठेवली, तर मागे उरते ते न चुकवलेले देणे. शिंगरोबाची कथा १८५९ च्या दंग्यातून निघाली असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो, की ज्या घाटात मजुरी बुडाल्याची कागदोपत्री नोंद आहे, त्याच घाटात मजुरी बुडवल्याची कथा दीडशेहून अधिक वर्षांनंतरही सांगितली जाते, आणि वाटसरू तिथे रोख नाणे टाकतो. फूल टाकत नाही, अंगारा मागत नाही. पैसे देतो.

असेच दुसरीकडे

कथा एकट्याने वाचली की ती विचित्र वाटते. शेजारी दुसऱ्या दोन ठेवल्या की तिचा स्वभाव कळतो.

केरळमध्ये कोळिक्कोडहून वायनाडला चढणारा तामरश्शेरी घाट आहे. तेथे पणिया या आदिवासी जमातीतल्या करिंतंडनची कथा सांगतात. त्याने इंग्रज अभियंत्याला वाट दाखवली. श्रेय आपल्यालाच मिळावे म्हणून अभियंत्याने त्याला मारले. पुढे घाटात अपघात होऊ लागले. तेव्हा मांत्रिकाने त्याचा आत्मा घाटमाथ्यावर लक्किडी येथे एका झाडाला साखळीने बांधला. ते झाड आणि ती साखळी आजही दाखवतात. वायनाडला जाणाऱ्या पर्यटकांचा तो ठरलेला थांबा आहे.

हिमाचलात कालका-शिमला रेल्वेवर, जी १९०३ मध्ये सुरू झाली, भलकू नावाच्या चैल परिसरातल्या निरक्षर माणसाची कथा आहे. बारोग नावाच्या अभियंत्याने बोगदा दोन्ही तोंडांनी खोदायला घेतला आणि ती तोंडे जुळली नाहीत. सरकारने त्याला एक रुपया दंड केला, त्या अपमानाने त्याने आत्महत्या केली, असे सांगतात. मग भलकू काठीने डोंगर ठोकत पुढे चालला आणि त्याने दाखवलेल्या जागी ११४३ मीटरांचा बोगदा झाला. गंमत म्हणजे बोगद्याला आणि स्थानकाला नाव चुकलेल्या अभियंत्याचेच राहिले. भलकूच्या नावाने शिमल्यात रेल्वेचे संग्रहालय मात्र आहे.

तिन्ही कथांत वाटाड्या तोच. शाळेत न गेलेला, डोंगर पायांनी ओळखणारा. फरक आहे तो शेवटात. भलकूला मान मिळतो, म्हणून त्याला भुताचे रूप घ्यावे लागत नाही. करिंतंडनला मिळत नाही, तो सूड घेतो, आणि समाज त्याला बांधून ठेवतो. साखळी ही भीतीची खूण आहे : मेलेल्याने पुन्हा मागायला येऊ नये. आमच्या घाटाने तिसरा मार्ग काढला. शिंगरोबाही अपघात टाळतो अशी चालकांची श्रद्धा आहे, म्हणजे येथेही भीती आहेच. पण त्याला बांधले नाही. त्याला हप्त्याने देणे चालू ठेवले. ज्यांनी त्याला मारले त्यांचे देणे, ज्यांनी मारले नाही ते फेडत आहेत, कारण वाट तेच वापरतात. या तीन शेवटांत मला हा शेवट सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आणि तो कोणा लेखकाने नव्हे, घाट चढणाऱ्यांनी घडवला आहे.

हुतात्मा आणि जाहिरात

अलीकडे शिंगरोबाला हुतात्मा म्हटले जाते. धनगर समाजाला त्याचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. इतिहासाच्या पुस्तकांनी ज्या समाजाला जागा दिली नाही, त्याने आपला माणूस स्वातंत्र्याच्या पहिल्या रांगेत उभा केला तर त्यावर तारखांचे सोटे घेऊन धावू नये, हे मला उशिरा कळले.

तरीही समीक्षक म्हणून एक शंका नोंदवतो. हुतात्म्याला आपण वंदन करतो. त्याचे आपण काही देणे लागतो हे त्यात विरते. त्याने मागितले ते देशासाठी, आणि देश तर स्वतंत्र झाला. म्हणजे हिशोब मिटला. मजुराचा हिशोब असा मिटत नाही. माझ्या वहीत चालकांकडून ऐकलेली जी कथने आहेत, त्यांत काहींना स्वातंत्र्याची मागणी माहीत आहे, काहींना नाही. काहींना तर कथाच माहीत नाही. नाणे मात्र सगळे टाकतात. एक जण म्हणाला, "त्याच्या रस्त्यावर पोट भरतो, मग त्याला नको द्यायला?" हुतात्म्याच्या कथेत हे वाक्य बसवायला जागा शोधावी लागते, मजुराच्या कथेत ते आपोआप बसते.

याच घाटातले दुसरे प्रसिद्ध ठिकाण तुलनेसाठी घ्यावे : अमृतांजन पूल. हा दगडी पूल १८३० चा. त्यावर १८९३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या अमृतांजन या डोकेदुखीच्या मलमाची जाहिरात झळकू लागली आणि बांधणाऱ्याचे नाव पुसून पुलाला मलमाचे नाव पडले. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत द्रुतगती मार्ग ओस असताना, हा पूल पाडला. वाहतुकीच्या बातम्यांत 'अमृतांजन पुलाजवळ कोंडी' हे शब्द त्यानंतरही येत राहिले. मला याचे वाईट वाटत नाही. लोक नाव कसे ठेवतात याचा हा उत्तम नमुना आहे. जे डोळ्यांसमोर ठळक असते, ते नाव टिकते. जाहिरातीला ठळकपणा पैशाने मिळाला. शिंगरोबाला तो फक्त पुन्हा पुन्हा सांगण्याने मिळाला. त्याच्यासाठी कोणी फलक भाड्याने घेतला नव्हता.

आणि लोणावळ्यातले मेणाचे पुतळे? तिकीट काढून आपण तेथे ज्यांचे चेहरे पाहतो ते आधीच ठाऊक असलेले असतात. पुतळा हुबेहूब आहे का एवढेच ताडून पाहायचे. मुले खूश होतात, ठीक आहे. पण ते ठिकाण या रस्त्याचे नाही. उचलून दुसऱ्या कोणत्याही थंड हवेच्या गावी नेले तर त्याचे काही बिघडणार नाही. शिंगरोबा दुसऱ्या घाटात नेता येत नाही. वाटेवरच्या ठिकाणांची पारख करायला मी आता ही एकच कसोटी वापरतो.

उत्तर

२००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मोटारी शिंगरोबाला टाळून जाऊ लागल्या. आता तर घाटच वगळण्यासाठी लांब बोगद्यांचा नवा मार्ग आखला गेला. त्याविरुद्ध माझी तक्रार नाही. घाटात ब्रेक निकामी होऊन गेलेली माणसे मी पाहिली आहेत; बोगद्याने एक जीव वाचला तरी तो बोगदा मला प्रिय आहे. जुन्या रस्त्यावर राहिले ते मुख्यतः दुचाकीवाले, स्थानिक टेम्पो आणि टोल वाचवणारे. नाणी अजून पडतात, पण सांगणारा आणि ऐकणारा एका गाडीत बसून हळू चढण्याचा प्रसंग कमी झाला. दुचाकीवर गोष्ट सांगता येत नाही.

म्हणून लोकसाहित्याच्या अभ्यासकांना एक काम सुचवतो. या कथेची खरीखोटी तपासणी पुरे झाली. ती मीही केली आहे. जुने ट्रकचालक आणि एस.टी.चे निवृत्त कर्मचारी अजून खोपोली, पनवेल, लोणावळ्यात भेटतात. नाणे टाकताना ते काय पुटपुटत, आपल्याला हे कोणी शिकवले, शिंगरोबाने काय मागितले असे त्यांनी ऐकले होते, हे प्रत्येकाच्या शब्दांत उतरवून घ्यायला हवे. मागणी कधी आणि कोणाच्या तोंडी बदलत गेली, हे त्यातून कळेल, आणि ते कळणे कथा खोटी ठरवण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

पोस्टकार्डवाल्या काकांचा पत्ता मी जपून ठेवला होता. गेल्या वर्षी तिथे गेलो, तर घर बंद होते. शेजाऱ्यांनी सांगितले, ते चार वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे आजही कागदोपत्री उत्तर नाही. घाट बांधणाऱ्या हजारो मजुरांतले एकही नाव मी दाखवू शकत नाही. एक नाव आहे, ते कागदाने नव्हे, रस्त्याने जपलेले, आणि पंधरा वर्षांपूर्वी तेही मी खोडायला निघालो होतो.

परतताना जुना रस्ता धरला. देऊळ आले तेव्हा मागे टेम्पो होता, त्यामुळे थांबता आले नाही. खिशात पाच रुपये होते, ते टाकले.